सिप्रनससाठी बटाट्याचे आमिष : किती उकडावा, कसा ओवावा?

धोमकाठ (धागाकर्ता)

वाई-सातारा भागात गळाने मासे धरणाऱ्या मंडळींत आमिषाचा विषय निघाला की बोलणे कणीक, गांडूळ आणि शेंगपेंड यांपलीकडे सहसा जात नाही. बटाट्याचे नाव काढले तर "भाजी करायची आहे की मासे धरायचे आहेत?" असे ऐकून घ्यावे लागते. तरीही धरणाच्या संथ पाण्यात मोठ्या सिप्रनससाठी (म्हणजे कॉमन कार्प माशासाठी) बटाट्याइतके कामाचे आमिष दुसरे नाही असे माझे मत आहे. सिप्रनस बटाट्यावर फार जीव टाकतो असे मी म्हणत नाही. बटाट्याचा खरा गुण हा की इतर मासे त्याच्या वाटेला जात नाहीत.

धोम, कण्हेर, उरमोडी यांपैकी कोणत्याही जलाशयावर कणकेची गोळी टाकून पाहावी. ती तळाला पोचते न पोचते तोच चिलापी आणि इतर बारीक मासळी तिला चहूबाजूंनी टोचू लागते, दोरीला बारीक बारीक झटके बसत राहतात, आणि थोड्याच वेळात आपण रिकाम्या गळाची राखण करत बसलेलो असतो. अर्धवट उकडलेला, सालासकटचा, सुपारीहून थोडा मोठा बटाटा मात्र बारक्या तोंडाच्या माशाला फोडताही येत नाही आणि गिळताही येत नाही. सिप्रनसच्या जबड्यात दात नसले तरी घशात दाढांसारखे चपटे दात असतात; गोगलगायी आणि शिंपले चिरडणाऱ्या त्या दातांपुढे बटाट्याचा काय पाड लागणार?

सगळी मेख उकडण्यात आहे. पूर्ण शिजलेला बटाटा गळ फेकतानाच सुटतो आणि दोरीला वजनासाठी बांधलेले शिसे एकीकडे, बटाटा दुसरीकडे पडतो. उलट तो कच्चा राहिला तर मासा ओढ देतो, आपण हिसका देतो, आणि गळाचे टोक बटाट्यातच रुतून बसल्यामुळे माशाच्या ओठापर्यंत पोचतच नाही. म्हणजे बटाटा बारक्या माशांना दाद देणार नाही इतका घट्ट हवा, आणि हिसक्यासरशी गळ त्याला चिरून बाहेर येईल इतका मऊही हवा. या दोन टोकांच्या मधली जागा फार अरुंद आहे.

मी एकाच मापाचे बारीक बटाटे निवडतो, ते गार पाण्यातच घालून मंद आचेवर ठेवतो आणि पाण्याला उकळी फुटल्यावर काडेपेटीची काडी टोचून पाहत राहतो. काडी थोडा जोर लावल्यावर मध्यापर्यंत गेली आणि काडी उचलल्यावर बटाटा तिच्याबरोबर वर आला, घसरून खाली पडला नाही, की भांडे उतरवावे. आतल्या उष्णतेने तो पुढेही थोडा शिजतच असतो, हे धरून किंचित आधीच उतरवणे चांगले. नंतर तो ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावा, कारण वाळलेला बटाटा ओवताना चिरतो.

ओवण्यासाठी पोती शिवण्याचे दाभण घ्यावे. तंगुसाची दोरी दाभणाने बटाट्याच्या आरपार काढावी, मग गळ बांधावा आणि दोरी मागे ओढून गळाचा बाक बटाट्याच्या बुडाशी टेकवावा. टोक बाहेर उघडे राहिले पाहिजे. बाक आणि बटाटा यांच्यामध्ये कडब्याच्या चिपाडाचा नखाएवढा तुकडा अडकवला, तर फेकताना गळ बटाट्याला चिरत नाही. फेकही डोक्यावरून झटका देऊन करू नये. कडेने, झोका देऊन करावी.

इतरांचा अनुभव काय आहे? आणि वाहत्या नदीत हे जमते का?

संगमघाट

मी सांगलीचा. हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात तिथून खाली अंकलीपर्यंतचे पाणी माझ्या पायाखालचे आहे. आपण लिहिलेले संथ पाण्याला लागू पडते. नदीत त्याच्यात दोन फरक करावे लागतात.

पहिला फरक आकाराचा. बटाटा पाण्यापेक्षा जेमतेम जड असतो, त्यामुळे गोल बटाटा प्रवाहात तळावरून गडगडत जातो आणि दोरी सारखी ओढ दाखवते. नवख्याला वाटते मासा लागला, आणि तो हिसक्यावर हिसके देत बसतो. मी मोठा बटाटा घेऊन त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या करतो आणि चकतीच ओवतो. चपटी बाजू गाळावर बसली की ती जागची हलत नाही. शिसेही गोल गोळीचे न घेता चपटे घ्यावे.

दुसरा फरक वासाचा. पावसाळी गढूळ पाण्यात सिप्रनस डोळ्यांपेक्षा मिशांवर आणि वासावर चालतो, आणि बटाट्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात नदीवर बटाटा घेऊन जाणे मला व्यर्थ वाटते. बंधाऱ्यांत पाणी अडवल्यावर नदी निवळते आणि संथ होते, तेव्हा, म्हणजे साधारण दिवाळीनंतर, बटाट्याचे दिवस सुरू होतात.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. तळाच्या आमिषावर बसायचे म्हणजे तासन् तास एका जागी बसणे आले. ती जागा पाण्याच्या कडेला नसावी, उंच दरडीवर असावी. आणि धरलेले मासे पाण्यात लोंबत्या पिशवीत ठेवू नयेत, मासे साफ करून त्यांची घाणही तिथेच टाकू नये.

नवशिका

दोघांचेही लिखाण उपयुक्त आहे. मी कराडचा असून नुकताच या छंदात पडलो आहे. माझे दोन प्रश्न आहेत. बटाट्यावर कटला आणि रोहू लागतात का? आणि इंग्लंडमधला कार्पचा जुना विक्रम बटाट्यावर झाला होता असे एकाने सांगितले, ते खरे आहे का?

तळेराखण

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण मत्स्यबीज सोडलेली शेततळी सांभाळणे हाच माझा व्यवसाय आहे.

कार्प म्हटले की सगळे एकाच पंगतीला बसवणे चुकीचे आहे. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो. तळावर पडलेला बटाटा त्याच्या कामाचा नाही. चंदेरा (सिल्व्हर कार्प) तर पाणी गाळून त्यातले शेवाळ खाणारा, त्यामुळे त्याचा विचारच सोडावा. रोहू मधल्या थरात फिरतो, वनस्पतीजन्य खातो, आणि कुस्करलेला बटाटा कोंड्यात मळून दिला तर घेतो, पण अख्ख्या बटाट्याच्या वाटेला सहसा जात नाही. मृगळ तळाचा आहे खरा, परंतु त्याचे तोंड लहान असते. त्याच्यासाठी बटाट्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत. गवत्या (ग्रास कार्प) मऊ वनस्पतीजन्य काहीही खातो, म्हणून तो अधूनमधून बटाट्यावर लागला तर नवल नाही. अख्खा बटाटा शोधून, उचलून, घशात चिरडून खाणारा मासा एकच, तो म्हणजे सिप्रनस.

हा मासा मूळचा आपला नव्हे. १९३९ साली तो श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला आणि १९५७ साली बँकॉकहून त्याची दुसरी जात आली. आपल्या मैदानी तळ्यांत पसरली ती मुख्यतः ही दुसरी. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते, तर सिप्रनस साचलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर अंडी घालतो. त्यामुळे एकदा तो धरणात शिरला की बीज न सोडताही टिकून राहतो.

आता बटाट्याचे. कार्पवर्गातील माशांना जठर नसते. खाल्लेले सरळ लांब आतड्यात जाते. एकदाच पोटभर खाऊन साठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळे ते थोडे थोडे आणि वारंवार खातात. पिष्ट पचवण्याची त्यांची ताकद चांगली असते, पण ती शिजलेल्या पिष्टापुरती. बटाट्याचे कच्चे पिष्ट पचायला अतिशय जड असते आणि शिजवल्यावर तेच सहज पचते. म्हणून चारा म्हणून जो बटाटा पाण्यात टाकायचा तो पूर्ण शिजवून, कुस्करून टाकावा, आणि गळाला लावायचा तेवढाच घट्ट ठेवावा. कच्च्या बटाट्याच्या फोडी टाकणारे लोक पाहिले आहेत; त्या फोडी तळाशी पडून कुजतात. हिरवे पडलेले बटाटेही टाकू नयेत. ते कडू असतात आणि त्यांतला सोलानिन हा घटक विषारी असतो.

पेंडवाला

सगळ्यांचा मान राखून थोडा विरोध नोंदवतो. शेंगपेंड भिजवून तिचे गोळे तळाशी टाकले की तिचा तेलकट वास पसरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात मासे जमू लागतात. बटाट्यावर मात्र नुसती वाट पाहावी लागते. मोठा मासा लागतो हे मान्य केले तरी संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जाण्याची पाळीही त्यावरच जास्त येते. ज्याला घरच्यांसाठी चार मासे न्यायचे आहेत त्याने बटाट्याच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

धोमकाठ

आपला मुद्दा मी नाकारत नाही. पेंड मासे बोलावते आणि बटाटा त्यांतला एक निवडतो. ही दोन कामे वेगवेगळी आहेत, आणि म्हणून मी दोन्ही वापरतो. पेंड, तांदळाचा कोंडा आणि कुस्करलेला शिजका बटाटा असा चारा ज्या जागी गळ टाकायचा तिथेच, आधी दोन-तीन संध्याकाळी टाकून ठेवावा. बटाटा हे खाणे आहे हे धरणातल्या माशाला उपजत ठाऊक नसते, ते त्याला शिकवावे लागते. आणि सिप्रनस या बाबतीत लवकर शिकणारा मासा आहे. काहीही न टाकता पहिल्याच दिवशी बटाटा लावून बसणाऱ्याची आपण म्हणता तशीच गत होते.

चाऱ्याचे प्रमाण मात्र हात राखूनच ठेवावे. तळेराखण यांनी जठराविषयी लिहिले आहे त्यातून हेच निघते की ढीगभर टाकण्यापेक्षा मूठमूठ पुन्हा पुन्हा टाकणे बरे.

फोडणी

मी मासे धरत नाही. घरातले धरतात, आणि बटाटे उकडण्याचे काम माझ्याकडे येते. त्यामुळे स्वयंपाकघराच्या बाजूने चार गोष्टी लिहिते.

बटाटा फुटतो की टिकतो हे आचेपेक्षा त्याच्या जातीवर ठरते. वेफर्ससाठी काढलेल्या कुफ्री चिप्सोनासारख्या वाणांत पिष्ट जास्त आणि पाणी कमी असते. असा बटाटा उकडला की भुगभुगीत होतो आणि साल फाटते. कुफ्री पुखराजसारखा पिवळसर गराचा, कमी पिष्टाचा बटाटा चिकट राहतो आणि आकार सोडत नाही. आमिषाला हा दुसरा हवा. बाजारात वाणाची पाटी लावलेली नसते, तेव्हा घरी एक परीक्षा करता येते. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ पूर्ण विरघळवावे आणि त्यात कच्चे बटाटे सोडावेत. जे बुडतात ते पिठूळ, ते वड्यांसाठी ठेवावेत. जे तरंगतात ते चिकट, ते गळावाल्यांना द्यावेत. आमच्या घरी भांडण मिटवण्याचा हा मार्ग ठरला आहे.

आणखी एक युक्ती आहे. उकडण्यापूर्वी बटाटे हाताला चटका बसेल पण उकळी अजिबात येणार नाही अशा, साधारण ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावेत, बाहेर काढून गार होऊ द्यावेत आणि मग नेहमीसारखे उकडावेत. त्या मधल्या उष्णतेत बटाट्यातले पेक्टिन घट्ट होते आणि पुढे कितीही उकळले तरी बटाटा सहज विरघळत नाही. पाण्यात चिंचेचा कोळ घातला तरी आंबटपणामुळे तो उशिरा मऊ होतो. कोहळ्याच्या पेठ्यासाठी फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, तसे केले तरी बाहेरचा थर कडक होतो. फक्त नंतर दोन-तीन पाण्यांनी धुवायला विसरू नये.

पुसेगाव-बुधकडचा बटाटा खरिपातला, तो पावसाळा सरता सरता बाजारात येतो. तो ताजा असतो तेव्हा साल पातळ असते, बोटाने सुद्धा सुटते. थोडे दिवस हवेशीर अंधारात राहू दिला तर साल बसते आणि गळावर जास्त टिकते. शीतगृहातून येणारा बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिष्टाची थोडी साखर होते. वेफर्सवाले त्याला नाक मुरडतात, तळल्यावर काळा पडतो म्हणून. माशांना तो गोडवा आवडतो की नाही हे इथल्या मंडळींनी सांगावे.

धोमकाठ

फोडणीताई, मिठाच्या पाण्याची परीक्षा आमच्यापैकी कोणालाच सुचली नसती. गोडव्याविषयी सांगायचे तर सिप्रनसला गोड चव चालते, म्हणूनच पुष्कळजण कणकेतही गूळ घालतात. उकडताना पाण्यात गुळाचा खडा टाकून बटाटे त्याच पाण्यात रात्रभर मुरू द्यावेत. ६० अंशांची युक्ती मात्र जपून वापरायला हवी असे वाटते. त्यातून बटाटा इतका चिवट होऊ शकतो की हिसका दिल्यावर गळ त्यातून सुटणार नाही. लांब फेकायचे असेल तिथेच ती करावी.

काठीरीळ

नवशिका यांचा दुसरा प्रश्न राहिला आहे. इंग्लंडमध्ये अर्धवट उकडलेला छोटा नवा बटाटा हे कार्पचे प्रतिष्ठित आमिष होते हे खरे आहे. तिथेही तो सुईने ओवून, गळाच्या बाकाशी पावाच्या कडेचा तुकडा अडकवून लावत, म्हणजे धोमकाठ यांच्या चिपाडाचेच काम तिथे पाव करत असे. विक्रमाची गोष्ट मात्र वेगळी आहे. रिचर्ड वॉकर यांनी १९५२ साली रेडमायर तलावात ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोंचा कार्प धरला तो पावाच्या आमिषावर. त्याच तलावात १९८० साली ख्रिस येट्स यांनी साडेएक्कावन्न पौंडांचा धरला तो मक्याच्या दाण्यांवर. हे दोन्ही मासे बटाट्याच्या खात्यावर जमा करता येत नाहीत.

पुढे तिकडे बॉयली आली, म्हणजे पीठ आणि अंडे मळून उकडलेली गोळी. उकडल्यामुळे तिच्यावर घट्ट कातडी येते आणि बारके मासे तिला फोडू शकत नाहीत. नीट पाहिले तर सालासकटच्या बटाट्याचाच हा गुण माणसाने मापात आणि हव्या त्या चवीत तयार केला. आणि तो हाती आल्यावर तिकडच्या लोकांनी बटाटा सोडला. आपल्याकडे तयार बॉयली महाग पडते आणि सगळीकडे मिळतही नाही, म्हणून आपण बटाटा सोडण्याचे काही कारण नाही.

मात्र त्यांची १९८० च्या सुमाराची एक युक्ती जरूर उचलावी. तिला हेअर रिग म्हणतात. आमिष गळावर ओवायचेच नाही. गळाच्या बाकापासून बोटाच्या पेराएवढी बारीक दोरी सोडायची आणि बटाटा त्या दोरीवर बांधायचा. मासा बटाटा तोंडात ओढून घेतो तेव्हा मोकळा गळही बरोबर आत जातो आणि बटाटा थुंकायला जाताना ओठात रुततो. बटाटा किती घट्ट असावा हा या धाग्याचा अर्धा प्रश्न त्याने संपतो, कारण गळाला बटाट्यातून चिरून बाहेर यायचेच नसते. मग खुशाल चिवट बटाटा वापरा, फोडणी यांच्या निवळीतला सुद्धा.

धोमकाठ

हे मान्य, पण खडकाळ किंवा झुडपांच्या तळावर ती मोकळी दोरी फार गुंतते. धोमच्या पाण्याखाली जुन्या बांधांचे दगड आणि बाभळीची खोडे आहेत. अशा जागी मी दाभणच वापरीन. गाळाच्या सपाट तळावर तुमची पद्धत सरस ठरेल.

संगमघाट

नव्या सभासदांसाठी परवानगीचाही उल्लेख इथे व्हावा. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. गळ घेऊन बसण्यापूर्वी संस्थेच्या माणसाला विचारावे आणि पावती असेल तर घ्यावी. त्यांनी पैसे घालून बीज सोडलेले असते. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा वसंतसागर यांच्या पाणलोटाचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गळ टाकणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कास तलाव सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, तिथे चारा टाकण्याचा विचारही करू नये.

नवशिका

सर्वांचे आभार. शेवटचे एक विचारतो. सकाळी उकडलेले बटाटे उरले तर दुसऱ्या दिवशी चालतात का? आणि मासा बटाट्याशी आला आहे हे दोरीवर कसे ओळखायचे?

धोमकाठ

उरलेले बटाटे फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात ठेवले तर दुसऱ्या दिवशी अधिक घट्ट झालेले आढळतील, कारण शिजलेले पिष्ट गार झाल्यावर आवळून बसते. ते चालतात, फक्त गार बटाटा ओवताना तडकतो, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढावेत. बुळबुळीत झाले असतील तर टाकून द्यावेत.

दोरीचे म्हणाल तर पहिल्या हालचालीला हात लावू नये. सिप्रनस बटाटा उचलतो, थुंकतो, पुन्हा उचलतो, आणि तेवढा वेळ दोरी नुसती थरथरते किंवा चार बोटे सैल पडते. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग आली तर तो तळाचा गाळ उकरतो आहे असे समजावे. मग दोरी न थांबता, एका संथ लयीत पळू लागते. हिसका तेव्हा द्यावा. काठी जमिनीवर आडवी ठेवली असेल तर रिळाचा ब्रेक सैल ठेवून बसा, नाहीतर काठी पाण्यात जाते.